घरचा व्ही.पी.एन. : विश्वास कोणावर?

परगावी धर्मशाळेत उतरलेला माणूस पैशाची पिशवी उशाशी घेऊन निजतो. तोच माणूस आज स्थानकावरच्या किंवा हॉटेलातल्या वाय-फायला मोबाईल जोडतो आणि निर्धास्तपणे बँकेचे व्यवहार उरकतो! मुंबई सेंट्रल स्थानकावर अशी मोफत सोय जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. आता ती गावोगावी दिसते. सोय चांगलीच आहे. परंतु परक्याच्या दारातून जाताना आपले काय झाकलेले राहते आणि काय दिसते, हे जाणून घेतले पाहिजे.

आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारा आपला पत्रव्यवहार मोहोरबंद असतो. पासवर्ड सहसा वाटेत उघडा पडत नाही. पाकिटावरचा पत्ता मात्र बहुधा वाचता येतो. आपण कोणत्या बँकेशी, कोणत्या दवाखान्याशी बोलत आहोत, हे वाय-फाय चालविणाऱ्यास कळू शकते.

यावर उपाय असा : ते पाकीट दुसऱ्या मोठ्या लखोट्यात घालावे आणि लखोट्यावर केवळ आपल्या घरचा पत्ता लिहावा. घरी एक विश्वासू माणूस लखोटा फोडतो, आतले पाकीट पुढे टपालात टाकतो आणि आलेले उत्तर पुन्हा लखोट्यात घालून आपल्याकडे धाडतो. हा विश्वासू माणूस म्हणजेच घरचा व्ही.पी.एन. सर्व्हर. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक हे काम करतो. काही राउटरही करतात. त्यासाठी लागणारा वायरगार्ड हा प्रोग्राम मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्यात प्रत्येक उपकरणास दोन किल्ल्या असतात. एक जाहीर, एक गुप्त. ओळख नसलेल्याने दार ठोठावले तर आतून उत्तरच येत नाही.

मात्र बाहेरून घरापर्यंत पोचणे नेहमी सोपे नसते. अनेक कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. वाड्याला दिंडी दरवाजा एक आणि बिऱ्हाडे पन्नास! आतला भाडेकरू बाहेर जातो. पण बाहेरून आलेल्याला कोणत्या बिऱ्हाडी जावे हे कळत नाही. राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानचा असेल, तर आपण अशाच वाड्यात राहतो असे समजावे. मग कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा, नाहीतर आय.पी.व्ही.६ची वाट धरावी.

दुसरी गोष्ट वेगाची. परगावी मोबाईलवर जे उतरते, ते आधी घरातून वर चढलेले असते. घरचा अपलोडचा वेग दहा असेल, तर डाउनलोडचा शंभर असून काय उपयोग? तिसरी गोष्ट विजेची. एकदा परगावी आमचा मोबाईल एकाएकी मुका झाला. सगळी खटपट करून दमलो. शेवटी घरी फोन केला तेव्हा समजले की, तिकडे वीज गेली आहे!

एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "म्हणजे आता आम्ही कोठे जातो हे कोणालाच कळणार नाही ना?" आमचे उत्तर : कळेल. स्थानकावरच्या वाय-फायला कळणार नाही. परंतु घरच्या इंटरनेट कंपनीस, आपण घरी बसलेले असताना जेवढे दिसते, तेवढे आताही दिसेल. संकेतस्थळालाही आपल्या घरचाच पत्ता दिसेल. विकतचा व्ही.पी.एन. घेतला, तर तेच सारे त्या विक्रेत्याच्या नजरेखाली येते. भारतात तर एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने अशा विक्रेत्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. तात्पर्य, विश्वास टाकावाच लागतो. तो कोठे टाकायचा, एवढेच आपल्या हाती असते. घरच्या व्ही.पी.एन.मुळे मध्ये आणखी एक परका येत नाही, हाच त्याचा खरा लाभ.

पण घरचे दार म्हटले की राखणही घरच्यांनीच करावयाची. प्रोग्राम वेळच्या वेळी अद्ययावत करावा, गुप्त किल्ली कोणास देऊ नये, आणि मोबाईल हरवला तर त्याच दिवशी त्याची जाहीर किल्ली सर्व्हरच्या यादीतून काढून टाकावी. नाहीतर चोराच्या हाती नुसता मोबाईल नव्हे, तर आपले घरच लागायचे.