दुचाकीच्या मागील शॉकअब्सॉर्बरचा जोडबिंदू

दुचाकीचा मागील शॉकअब्सॉर्बर सांगाड्याला आणि मागच्या चाकाच्या भुजेला ज्या ठिकाणी बोल्टने जोडलेला असतो, त्या ठिकाणांना जोडबिंदू म्हणतात. चाकाच्या या भुजेला नागपूरसह अनेक ठिकाणच्या गॅरेजांत 'चिमटा' असे नाव आहे. वरचा जोडबिंदू सांगाड्यावर आणि खालचा चिमट्यावर असतो. यांपैकी एकही थोडा सरकला, तरी गाडीचा मऊपणा, मागील भागाची उंची आणि सांगाड्यावर येणारा भार या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलतात. त्यामुळे वरवर किरकोळ भासणारा हा बदल सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

तरफेचे तत्त्व

चिमटा ही एक तरफ आहे. तिचे पुढचे टोक सांगाड्यात फिरते आणि मागच्या टोकाला चाकाचा आस असतो. समजा, चिमट्याची लांबी ५०० मिलिमीटर आहे, खालचा जोडबिंदू पुढच्या टोकापासून ४५० मिलिमीटरवर आहे आणि शॉकअब्सॉर्बर चिमट्याशी काटकोनात उभा आहे. अशा वेळी चाक १० मिलिमीटर वर उचलले गेले, की शॉकअब्सॉर्बर ९ मिलिमीटर दबतो. हे गुणोत्तर ०.९ झाले. चाकापाशी जाणवणारा ताठरपणा मात्र या गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे ठरतो. म्हणजे तो स्प्रिंगच्या मूळ ताठरपणाच्या ८१ टक्के असतो.

आता तोच जोडबिंदू पुढे सरकवून ३५० मिलिमीटरवर आणला, तर गुणोत्तर ०.७ होते आणि चाकापाशी केवळ ४९ टक्के ताठरपणा उरतो. स्प्रिंग तीच असूनही गाडी सुमारे ४० टक्के मऊ होते. शॉकअब्सॉर्बर ९० मिलिमीटर दबू शकत असेल, तर चाकाची हालचाल १०० वरून सुमारे १२९ मिलिमीटरपर्यंत वाढते. मात्र चाकावरचा भार तेवढाच असताना जोडबिंदूवर येणारे बळ सुमारे २९ टक्क्यांनी वाढते. मूळ कान (बोल्ट बसवण्याची पट्टी) आणि त्याचे वेल्डिंग या वाढीव बळाचा विचार करून केलेले नसते.

शॉकअब्सॉर्बर तिरका केल्यासही असाच परिणाम होतो. काटकोनापासून ३० अंश कललेल्या शॉकअब्सॉर्बरमुळे चाकापाशी जाणवणारा ताठरपणा सुमारे २५ टक्क्यांनी घटतो.

उंची आणि चालवण्यावरील परिणाम

वरचा जोडबिंदू खाली आणला आणि शॉकअब्सॉर्बर तोच ठेवला, तर गाडीचा मागचा भाग उंचावतो. पुढचा काटा अधिक उभा होतो, हँडल हलके व चंचल वाटू लागते आणि हेडलाइटचा झोत रस्त्यावर अधिक जवळ पडतो. बाजूच्या स्टँडवर गाडी जास्त कलते. चिमट्याचा कोन बदलल्याने साखळीचा ताणही पुन्हा तपासावा लागतो. याउलट, चाकाची हालचाल वाढवल्यास भर ओझ्यात टायर मडगार्डला घासण्याचा धोका असतो.

इतिहास

ब्रिटिश अभियंता फिलिप व्हिन्सेंट यांनी १९२८ पासून आपल्या मोटारसायकलींत मागील स्प्रिंग आसनाखाली बसवण्याची रचना वापरली. १९४९ मध्ये विक्रीस आलेल्या रॉयल एनफिल्ड बुलेटला चिमटा आणि दोन बाजूंचे दोन शॉकअब्सॉर्बर होते. हीच बुलेट १९५५ पासून मद्रासमध्ये जोडली जाऊ लागली. १९७० च्या दशकात खडबडीत मार्गांवरील शर्यतींसाठी जोडबिंदू पुढे सरकवून चाकाची हालचाल वाढवण्याचे प्रयोग झाले. बेल्जियमचे लुसियाँ टिलकेन्स यांच्या कल्पनेवर आधारलेली एकाच शॉकअब्सॉर्बरची रचना यामाहाने स्वीकारली आणि १९७३ मध्ये २५० सीसी गटाचे जागतिक मोटोक्रॉस विजेतेपद मिळवले. भारतात २००४ मध्ये आलेल्या होंडा युनिकॉर्नमुळे एका शॉकअब्सॉर्बरची रचना सर्वसामान्य ग्राहकांना परिचित झाली.

बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइललाही हेच तत्त्व लागू पडते. गुलमर्गमध्ये पर्यटकांसाठी ही वाहने वापरली जातात. त्यांचे मागील सस्पेन्शन रबरी पट्ट्याच्या आत बसवलेले असते. ते पुढे-मागे सरकवल्यास पुढच्या स्कींवर आणि पट्ट्यावर पडणाऱ्या वजनाची वाटणी बदलते.

विदर्भातील वापर

नागपूर परिसरात मोटारसायकल हे ओझे वाहण्याचेही साधन आहे. दुधाचे कॅन, भाजीचे गठ्ठे किंवा संत्र्यांच्या पेट्या मागील आसनावर आणि त्याच्याही मागे बांधल्या जातात. अशा ओझ्याखाली दबलेली गाडी उंच करण्यासाठी जोडबिंदूला जादा पट्टी वेल्ड करण्याचा मोह होतो. या पट्टीमुळे उंची वाढते, परंतु स्प्रिंगची भार पेलण्याची क्षमता वाढत नाही. पट्टी एका बाजूस किंचित जरी पुढे-मागे बसली, तरी चिमट्याला पीळ पडतो. काळ्या मातीवरील उंचसखल रस्त्यांच्या सततच्या हादऱ्यांनी वेल्डिंगला तडा जाऊ शकतो. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उष्णतेने शॉकअब्सॉर्बरमधील तेल पातळ होऊन त्याची उसळी रोखण्याची क्षमता आणखी कमी होते.

ओझे नित्याचे असल्यास उत्पादकाने दिलेली स्प्रिंगची पूर्वताणाची खाच बदलणे, मान्य भारमर्यादा पाळणे आणि झिजलेले बुश व गळका शॉकअब्सॉर्बर बदलणे हे उपाय सुरक्षित आहेत.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा आधार घेतला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दिव्यांग व्यक्तींसाठी वाहनात करावयाच्या बदलांकरिता अधिनियमात स्वतंत्र तरतूद आहे.