चिखलणीनंतरचा पॉवर टिलर

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ओळखल्या जाणाऱ्या अलोऱ्याच्या परिसरात भाताची खाचरं लहान आणि पायऱ्यापायऱ्यांची. मोठा ट्रॅक्टर तिथे वळतच नाही. म्हणून कोकणात पॉवर टिलर अधिक दिसतो: एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागे रोटर. लावणीपुरतं काम, मग वर्षभर पडवीत मुक्काम. बिघाड होतात ते बहुधा या मुक्कामातच.

चिखलणी आटोपली की आधी धुलाई. इंजिन तापलेलं असताना मात्र त्यावर पाणी मारू नये. रोटरच्या दांड्याला गुंडाळलेलं गवत आणि दोरे काढावेत. ते तेलाच्या सीलात शिरतात, सील फाटतं आणि चिखलपाणी आत जातं. गिअरचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंच समजा. नुसतं तेल बदलून भागत नाही, सीलही बदला.

टाकी अर्धी ठेवण्याची काटकसर महागात पडते. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि ते डिझेलखाली साचतं. टाकी भरूनच ठेवावी. बेल्ट सैल करावेत, पात्यांना जुनं ऑइल फासावं.

आणि एक जुनी युक्ती: फ्लायव्हील हाताने फिरवून कॉम्प्रेशनचा जोर लागतो तिथे थांबवावं. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, दमट हवा सिलिंडरात शिरत नाही. ऑइल-बाथ एअर क्लीनरमधलं तेल मात्र मे महिन्यातच बदलावं; पहिला पाऊस पडल्यावर मेकॅनिक सहजी सापडत नाही.