तीन चाकं, तीन चाकोऱ्या

मोटार चालवताना समोर खड्डा आला की आपण तो दोन्ही चाकांच्या मधे घेतो. हात आपोआप तसे वळतात, विचारही करावा लागत नाही. मॉर्गन थ्री-व्हीलर हाती घेणाऱ्याला सगळ्यात आधी ही सवय मोडावी लागते. पुढे दोन चाकं, मागे बरोबर मधोमध एक. पुढच्या चाकांमधून सुखरूप निसटलेला खड्डा पुढच्याच क्षणी मागच्या चाकाखाली सापडतो आणि दणका थेट मणक्यात बसतो, कारण बसायची जागा त्या चाकाच्या अगदी पुढ्यात आहे. बैलगाडीच्या वाटेला दोन चाकोऱ्या असतात, ही गाडी तीन पाडते. मुरलेला मालक रस्ता बघतो तो त्या तिसऱ्या चाकोरीच्या हिशेबाने.

या गाडीचं गाव मॅल्व्हर्न, इंग्लंडच्या वुस्टरशर परगण्यातलं डोंगराच्या कुशीतलं. एच. एफ. एस. मॉर्गन हा धर्मोपदेशकाचा मुलगा. स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करून त्याने मॅल्व्हर्न लिंकला गॅरेज टाकलं. 1909 मध्ये मॅल्व्हर्न कॉलेजच्या कार्यशाळेत, तिथले अभियांत्रिकीचे शिक्षक स्टीफन्सन-पीच यांच्या मदतीने त्याने स्वतःपुरती एक तीनचाकी बनवली. पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा आणि त्यावर प्यूजोचं दोन सिलिंडरचं इंजिन. 1910 च्या ऑलिंपिया प्रदर्शनात ती मांडली, तेव्हा लोकांनी कौतुक केलं, पण शेजारी दुसरी सीट हवी म्हणाले. पुढच्या वर्षी दोघांची गाडी आली आणि लंडनच्या हॅरॉड्सने ती दुकानाच्या दर्शनी खिडकीत ठेवली. कारखान्याला वडिलांनी पैसा दिला. मुलाच्या अशा उद्योगात पैसा घालणारे वडील त्या काळी किती असतील! मला या सगळ्या कहाणीत त्या गृहस्थांबद्दल फार आदर वाटतो.

तीनच चाकं का, याचं उत्तर निम्मं अभियांत्रिकीत आहे आणि निम्मं करखात्यात. ब्रिटनमध्ये आठ हंड्रेडवेट, म्हणजे साधारण 406 किलोच्या आतल्या तीनचाकीला मोटारीपेक्षा पुष्कळ कमी कर पडे. दोन महायुद्धांमधल्या काळात साध्या नोकरदाराला मोटारीचं सुख परवडलं ते या सवलतीमुळे.

आपल्याला तीनचाकी म्हटलं की रिक्षा आठवते, पण रिक्षाचा त्रिकोण उलटा आहे: एक चाक पुढे, दोन मागे. वळणावर जोरात ब्रेक दाबला की सगळा भार पुढे आणि बाहेर जातो, आणि तिथे आधाराला चाकच नसतं. भरधाव रिक्षा वळताना आतलं चाक उचललं जातं ते त्यामुळे. मॉर्गनची दोन चाकं पुढे, नेमकी भार जातो तिथे. शिवाय इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे, उघड्यावर टांगलेलं आणि माणसं जमिनीलगत बसलेली. म्हणून ही गाडी वळणाला चिकटून राहते. पुढची चाकं एकेका उभ्या खांबावर स्प्रिंगच्या आधाराने वरखाली सरकतात. ही रचना पहिल्या गाडीपासूनची. मॉर्गनच्या चारचाकींनी तीच पुढे ऐंशीहून जास्त वर्षं वापरली.

वेगाची हौस तर जन्मजात. 1912 मध्ये ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर मॉर्गनने स्वतः तासाभरात जवळपास साठ मैल कापले. 1913 मध्ये फ्रान्सला अमियाँच्या शर्यतीत मॅकमिनीज नावाच्या चालकाची मॉर्गन पहिली आली, तेव्हा फ्रेंचांनी ‘ही मोटार नाही, साइडकारवाली मोटारसायकल आहे’ असा वाद घालून विजय दुसऱ्याला दिला. कंपनीने आपल्या पुढच्या मॉडेलचं नाव ‘ग्रां प्री’ ठेवलं. 1924 मध्ये ब्रुकलंड्सलाच ई. बी. वेअरचा भीषण अपघात झाला आणि तीनचाकींना मोटारींबरोबर शर्यतीत उतरायला मनाई झाली. तरीही 1930 च्या आसपास ग्वेंडा स्ट्यूअर्टने पॅरिसजवळच्या माँलेरी ट्रॅकवर तासात शंभर मैलांहून जास्त अंतर मारलं. त्या उघड्या, कडक सीटवर तासभर बसून!

शर्यतींचा इतिहास पुस्तकात मिळतो. गाडी सांभाळायची कशी, ते मात्र कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

दोन गिअरची जुनी मॉर्गन सुरू करायची पद्धत बघा. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्बोरेटरवरची पिन बोटाने दाबून धरायची, पेट्रोल ओघळून बोटाला गार लागेपर्यंत. मग ठिणगीची वेळ मागे घ्यायची. हँडल गाडीच्या बाजूने घालायचं, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह उचलून धरायचे, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. हँडल फिरवून वेग आला की व्हॉल्व्ह सोडायचे आणि पहिला ठोका पडतो. सातारा-कोल्हापूरकडच्या जुन्या बुलेटवाल्यांना हे सांगायला नको. डिकॉम्प्रेसर दाबायचा, अँमीटरचा काटा मधे आणायचा, मगच किक. घाई केली की किक उलटी बसते आणि घोटा सुजतो. मॉर्गनच्या हँडलला मनगट जातं. या साम्याला मुळंही आहेत: रॉयल एनफिल्डचं मूळ गाव रेडिच, आणि तेही याच वुस्टरशरमध्ये.

पुढची शिकवणी बसल्यावर. पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर नाही. थ्रॉटल, हवा आणि ठिणगी यांचे छोटे दांडे स्टिअरिंगवरच बसवलेले. चाक वळवलं की तेही वळतात, त्यामुळे वळणावर थ्रॉटल नेमका कुठे गेलाय ते बोटांनी ओळखावं लागतं. चाळीस वर्षं मोटार चालवलेला माणूससुद्धा इथे पहिलीत बसतो.

देखभालीचा सगळ्यात हट्टी भाग म्हणजे चेन. दोन गिअर म्हणजे दोन चेन, मागच्या चाकाच्या एकेका बाजूला एक. दोन्ही सतत फिरतात, आणि ज्या गिअरचा खटका पडेल ती चेन ओढते. ताण द्यायचा तर मागचं चाक सरकवायचं. पण चाक एकच, तेव्हा एक चेन ताणली की दुसरीही ताणली जाते. दोन्ही सारख्या झिजल्या तर बरं, नाहीतर एक टाइट आणि एक लोंबती. म्हणून जाणते मालक दोन्ही चेन एकदमच बदलतात, नवीनला जुनीची जोड देत नाहीत. पुढच्या खांबांना वेळच्या वेळी ग्रीस मारायचं. ते चुकलं की बुश खाल्ले जातात, मग स्टिअरिंग थरथरतं आणि सरळ रस्त्यावरही गाडी हातात राहत नाही. बॉडीच्या आत अ‍ॅश लाकडाचा सांगाडा आहे. तो वरून पत्र्याने झाकलेला, म्हणून कुजला तरी दिसत नाही. बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचा. कणखर लाकूड टणटणतं, कुजलेलं बद्द वाजतं.

हे आवाज, हा ताण, ती बोटाला लागणारी पेट्रोलची ओल कागदावर उतरत नाही. म्हणून मला वाटतं, या गाडीचं चौथं चाक म्हणजे तिच्या मालकांची बिरादरी. 1936 मध्ये कंपनीने चारचाकी काढली आणि 1952 साली तीनचाकी बंद केली. जॅप, मॅचलेस ही इंजिनं बनवणारे कारखानेही पुढे मिटले. 1945 पासून चालत आलेला मॉर्गन थ्री-व्हीलर क्लब नसता, तर उरलेल्या गाड्या संग्रहालयात दोरीपलीकडे उभ्या राहिल्या असत्या. क्लबच्या मासिकाचं नाव ‘द बुलेटिन’. कुणाकडे जुना भाग आहे, त्याचा साचा बनवून चार-दहा नवे पाडता येतील का, ही अशा मंडळींची रोजची बोलणी. फोर्डचं इंजिन असलेल्या एफ मॉडेलवाल्यांचं त्या मानाने बरं, त्यांना सुटे भाग मिळतात. उघड्या व्ही-ट्विनवाल्यांना, म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनवाल्यांना मात्र एकमेकांशिवाय तरणोपाय नाही.

2011 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात कंपनीने तीनचाकी पुन्हा आणली. समोर एस अँड एस कंपनीचं जवळपास दोन लिटरचं व्ही-ट्विन, आत माझ्दाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स, मागच्या चाकाला चेनऐवजी बेल्ट. एवढ्या मोठ्या दोनच सिलिंडरचे ठोके गिअरबॉक्सवर थेट आदळू नयेत म्हणून मधे धक्का शोषणारा भाग लागतो, आणि नव्या मालकांच्या गप्पा त्याच्यावर अडतात. ती 2021 पर्यंत चालली. 2022 मध्ये फोर्डच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाची सुपर 3 आली. तिला रिव्हर्स गिअर आहे.

दोन गिअरच्या जुन्या गाडीला तो नाही. मेळाव्याला जाताना वाट चुकली आणि गल्ली अरुंद निघाली, तर चालवणारा बसूनच राहतो. मागून येणारे आपापल्या गाड्या बाजूला लावतात, हातमोजे काढतात, दोघं शेपटाला आणि एक जण पुढच्या चाकाला हात घालतो, आणि गाडी तोंड फिरवून आल्या वाटेला लागते.