लीजची गाडी : हप्ता तुमचा, संरक्षण कुणाचं?

(धंद्याची गाडी : भाग ५)

गेल्या भागात कर्ज काढून घेतलेल्या गाडीचा हिशेब मांडला होता. आज लीजची पाळी. एकरकमी मोठा पैसा घालायचा नाही, तीन-चार वर्षं ठरलेला हप्ता भरायचा आणि मुदत संपली की किल्ली परत द्यायची, असा हा व्यवहार. डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या छोट्या धंदेवाल्याला तो पटतो, कारण त्याचं भांडवल आधीच कुठेतरी गुंतलेलं असतं. घोलवडच्या व्यापाऱ्याचे पैसे चिकूच्या वाडीत, चिंचणीच्या डायमेकरचे यंत्रांत आणि बोर्डीच्या होमस्टेवाल्याचे खोल्यांच्या डागडुजीत. अडचण येते ती कोटेशनच्या शेवटच्या पानावर. तिथे हप्त्याच्या खाली दोन-तीन ‘प्रोटेक्शन प्लॅन’ जोडलेले असतात आणि समोरचा माणूस म्हणतो, ‘शेठ, घेऊन टाका, डोक्याला ताप नको.’ सही करण्यापूर्वी दोन प्रश्न सोडवायचे : गाडी कुणाची, आणि संरक्षण कुणाचं?

मालक कोण?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) प्रमाणे लीजच्या गाडीचा मालक म्हणजे करारानुसार जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती. त्यामुळे सहसा आरसीवर तुमचं किंवा फर्मचं नाव येतं आणि लीज कंपनीची नोंद त्याखाली होते. ई-चलान तुमच्याच मोबाइलवर येणार, आणि महामार्गावर कुणाला धक्का लागला तर दाव्याची नोटीसही तुमच्याच दारात.

प्राप्तिकराच्या हिशेबात मात्र उलटं आहे. आयसीडीएस कंपनीच्या खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाहनाची नोंदणी भाडेकरूच्या नावावर असली तरी घसारा मागण्याचा हक्क लीज देणाऱ्या कंपनीचा आहे. म्हणजे घसारा तिचा आणि तुमच्या वाट्याला हप्त्याची वजावट, तीही गाडी धंद्यासाठी जितकी वापरली तितकीच. लग्नाच्या वऱ्हाडाचे किलोमीटर त्यात धरायचे नाहीत.

जीएसटीत बहुतेकांची फसगत होते. लीजच्या हप्त्यावर गाडीच्या विक्रीचाच दर लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना तो 18 टक्के आणि मोठ्यांना 40 टक्के आहे. कोटेशनवर 20,000 रुपयांचा हप्ता ‘अधिक कर’ असा छापलेला असेल, तर छोट्या गाडीला खिशातून 23,600 जातील आणि मोठीला 28,000. हा कर परत मिळेल का? चालकासह 13 किंवा त्याहून कमी आसनांच्या प्रवासी गाडीवर मोजके अपवाद सोडले तर इनपुट क्रेडिट मिळत नाही, आणि तिच्या भाड्यावरही नाही. मालवाहू टेंपोला ही आडकाठी नाही. मात्र ताजा चिकू करमुक्त असल्याने नुसता ताजा चिकू विकणाऱ्याला टेंपोवरचंही क्रेडिट घेता येत नाही. करपात्र माल विकणारा नोंदणीकृत डायमेकर ते घेऊ शकतो, पण तो कंपोझिशन योजनेत असेल तर त्यालाही नाही.

टोटल लॉस झाला तर

आता संरक्षणाकडे वळू. लीजच्या गाडीच्या विमा पॉलिसीवर ‘आयएमटी 6’ हा शेरा असतो. गाडी पूर्ण गेली तर क्लेमचे पैसे आधी लीज कंपनीला द्यायचे, असा त्याचा मतलब. प्रीमियम तुम्ही भरा, चेक तिच्या नावाने निघेल.

तो चेक केवढ्याचा? विमा कंपनी गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, वयाप्रमाणे कमी करत जाते. प्रचलित तक्त्यानुसार दुसऱ्या वर्षात 20 टक्के, तिसऱ्यात 30, चौथ्यात 40 टक्के वजा होतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. समजा, 10 लाखांची गाडी तिसऱ्या वर्षी चारोटी नाक्याजवळ ट्रकखाली आली. विमा मिळेल सुमारे 7 लाख. करार मध्येच बंद करण्याची रक्कम मात्र उरलेले हप्ते आणि शेवटी धरलेली किंमत यांवरून निघते. ती 8 लाख निघाली, तर वरचा एक लाख तुम्ही भरायचा, आणि गाडी नाहीच.

ही दरी भरण्यासाठी ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जादा कवच असतं. चोरी किंवा टोटल लॉस झाल्यावर ते बिलाच्या किमतीपर्यंत भरपाई देतं. लीजवाल्याने पहिल्यांदा घ्यावं असं संरक्षण हेच. फक्त मुदत तपासा. बऱ्याच पॉलिसींत ते गाडीच्या पहिल्या तीन वर्षांपुरतंच असतं आणि तुमचं लीज चार वर्षांचं. चौथ्या वर्षी अंगावर काय येईल, याचा आकडा लीज कंपनीकडून आधीच लेखी घ्या.

झीरो डेप्रिसिएशन हे दुसरं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे, टायर-बॅटरीचे निम्मे पैसेच मिळतात, आणि आजच्या गाडीचा बंपर प्लास्टिकचाच असतो. हे कवच घ्यावं. तिसरं इंजिनाचं. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि स्टार्टर पुन्हा मारला की पाणी इंजिनात जातं. साधी पॉलिसी हे परिणामी नुकसान म्हणून नाकारते. इथला पाऊस पाहता हे कवच घ्यावं, आणि ते घेतलं तरी पाण्यात स्टार्टर मारू नये.

मेंटेनन्स पॅकेज मात्र डोळे झाकून घेऊ नका. गाडीच्या कंपनीचं अधिकृत वर्कशॉप डहाणूत आहे, बोईसरला आहे की वापीला, हे आधी विचारा. मोफत सर्व्हिससाठी आख्खा दिवस आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल जाणार असेल, तर ती मोफत कसली?

गाडी परत देतानाच्या खरचटण्या-डेंटसाठीही वेगळा प्लॅन विकला जातो. बोर्डी-चिंचणीच्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो. विमा झीज आणि गंज धरत नाही, म्हणून या प्लॅनच्या अटींत गंज येतो का आणि कमाल मर्यादा किती, एवढंच पाहा. गंज वगळलेला असेल तर किनाऱ्यावर राहणाऱ्याने तो प्लॅन सोडून द्यावा. गाडी ताब्यात घेताना तारखेसह फोटो काढा, खालच्या चासीचेही.

ज्याला प्लॅनच नाही

आपल्या भागातले खरे धोके या पानांत सापडत नाहीत. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ नावाचा एक परिच्छेद असतो. त्यात भाड्याने वाहतूक आणि मालवाहतूक वगळलेली असते. सॅम्पल आणि स्वतःचं सामान तेवढं चालतं. मागची सीट पाडून चिकूचे क्रेट भरले, किंवा घोलवड स्टेशनवरून पाहुण्यांना पैसे घेऊन आणलं आणि वाटेत अपघात झाला, तर सर्व्हेअरच्या पहिल्याच फोटोत क्रेट दिसतात आणि क्लेमवर प्रश्नचिन्ह लागतं. मग वरचे सगळे प्लॅनही कामाचे नाहीत. माल न्यायचा तर मालवाहू टेंपो लीजवर घ्या, पाहुणे आणायचे तर परवान्याची टॅक्सी ठेवा.

किलोमीटरचंही तसंच. डहाणूहून मुंबईला जाऊन-येऊन अडीचशेहून जास्त किलोमीटर होतात. आठवड्याला एकच फेरी धरली तरी वर्षाला 13,000. करारात 15,000 ची मर्यादा असेल तर बाकीच्या सगळ्या धावपळीला 2,000 उरतात. वर्षाला 5,000 जास्त झाले आणि दर किलोमीटरला 8 रुपये धरले, तर 40,000 रुपये. सुरुवातीलाच वरची मर्यादा मागून घेतली तर स्वस्त पडते का, ते विचारा.

तलासरीकरांसाठी आणखी एक. आच्छाडची सीमा ओलांडली की वापीचे डीलर जवळ. पण गाडी जिथे कायम राहते तिथली नोंदणी हवी. जीजे-15 ची गाडी बारा महिन्यांहून जास्त महाराष्ट्रात ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. तो खर्च कोण करणार, हे करारात लिहून घ्या.

शेवटचं, माणसाचं. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा गाडी भागीदारी फर्म किंवा कंपनीच्या नावावर असेल तर लागू होत नाही. त्यामुळे स्वतःसाठी वेगळी अपघात पॉलिसी काढा आणि पगारी ड्रायव्हरचं संरक्षण गाडीच्या पॉलिसीत जोडा.

थोडक्यात निकाल असा : रिटर्न टू इन्व्हॉइस, झीरो डेप्रिसिएशन आणि इंजिन कवच घ्या. मेंटेनन्स वर्कशॉपच्या अंतरावर ठरवा आणि परतीच्या नुकसानीचा प्लॅन गंजाची अट वाचून. गाडी रोज माल किंवा भाड्याची माणसं वाहणार असेल, तर खासगी गाडीच्या लीजवर सही करू नका, मग समोरचा कितीही प्लॅन फुकट देवो.

(पुढच्या आठवड्यात : इलेक्ट्रिक टेंपो घ्यावा का?)