फोन घरात, पण कुणाच्या हातात?
टाळेबंदीतलं शिक्षण : भाग 6

गेल्या भागात आपण टीव्हीवरची शाळा पाहिली. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली, आणि तिच्या बाजूने एक गोष्ट नक्की होती: टीव्ही घरातून बाहेर जात नाही. फोन जातो. तो कुणाच्या तरी खिशात असतो आणि त्या खिशाच्या मालकाला काम असतं. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मोहीम मुख्यतः फोनवर उभी होती. व्हॉट्सॲपचे वर्गगट, अभ्यासाचं सरकारी दीक्षा ॲप, गुगल मीट सगळं तिथेच. म्हणून या भागात आपण उत्तनला जाऊ. फोन घरात असणं आणि मुलाला मिळणं यातलं अंतर तिथे सहज दिसतं.

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत डोंगरीवरून उतरलं की उत्तन येतं. पाली, चौक, पातान बंदर ही शेजारची वस्ती. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरं, चर्च, बोटी, वलांड्यांवर वाळणारे बोंबील. कागदोपत्री मात्र हे शहर आहे, कारण 2002 साली स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत ते येतं. ही नोंद लक्षात असू द्या, पुढे तिची गरज लागणार आहे.

इथल्या बऱ्याच बोटी डोल जाळ्यावर चालतात. डोल म्हणजे पाण्यात खुंटांना बांधून ठेवलेलं, तोंड उघडं असलेलं लांब पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीचा प्रवाह त्यात मासळी ढकलतो आणि प्रवाह मंदावला की जाळं उचलायचं. म्हणजे कामाची वेळ घड्याळ ठरवत नाही, पाणी ठरवतं. भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला असलेलं काम चार दिवसांनी दहाच्या पुढे गेलेलं असतं. शाळेचा ऑनलाइन तास मात्र रोज दहालाच.

आता असं एक घर डोळ्यांसमोर आणा. दोन मुलं, एक सातवीत, एक दहावीत. चालण्यासारखा स्मार्टफोन एकच. 2020 च्या जूनमध्ये शैक्षणिक वर्ष सुरू झालं तेव्हा पावसाळी मासेमारीबंदी होती, बोटी शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या. वडील घरी, त्यामुळे फोनही घरी. हे दिवस त्यातल्या त्यात बरे. 31 जुलैला बंदी संपली, बोटी पाण्यात गेल्या आणि ज्या घरात एकच फोन होता तिथे तो बोटीवर तरी गेला किंवा मासळी विकणाऱ्या आईच्या टोपलीबरोबर तरी. बाजार अधूनमधून बंद पडत होते, त्या काळात गिऱ्हाईक फोनवरच मिळत होतं. सोसायटीच्या गटावर आज काय आलंय ते टाकायचं, भाव सांगायचा, पैसे फोनवर घ्यायचे. आईकडून फोन काढून मुलाला देणं म्हणजे त्या दिवसाचा धंदा थांबवणं होतं. मुलाने वर्ग बुडवला की गैरहजेरी लागायची, पण ती गैरहजेरी फोनची होती.

डेटाचा हिशोबही इथेच मांडू. त्या काळातली नेहमीची पॅक दिवसाला दीड जीबीची. थेट व्हिडिओ तास, दर्जा कसा आहे त्यावर, अर्धा ते एक जीबी खातो. केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना 14 जुलै 2020 रोजी आल्या. त्यांनी पहिली ते आठवीला दिवसाला फार तर दोन आणि नववी ते बारावीला चार सत्रं ठरवली, प्रत्येक 30 ते 45 मिनिटांचं. मुलांच्या डोळ्यांचा विचार केला तर मर्यादा योग्यच होती. पण वरच्या घरातली दोन्ही मुलं धरली तर ती सहा सत्रं होतात, म्हणजे तीन ते साडेचार तास. दीड जीबी त्यातच संपते, आणि दोघांचे तास एकाच वेळी आले तर डेटा असूनही उपयोग नाही.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की त्या दोन वर्षांत गरीब घरातल्या मुलाला खरा हात दिला तो व्हॉट्सॲपवर आलेल्या स्वाध्यायाने, थेट वर्गाने नाही. शिक्षकाने पाठवलेला फोटो किंवा पाच मिनिटांचा आवाज रात्री नऊला, फोन घरी आल्यावरही उघडता येतो. थेट वर्ग त्याच क्षणाला हजर राहायला सांगतो. दिसायला थेट वर्ग जास्त शाळेसारखा, म्हणून पालक आणि संस्थांना तोच हवासा वाटला. पण भरतीच्या वेळेवर जगणाऱ्या घरात त्याची जागाच नव्हती.

मुलं फोनवर फक्त अभ्यास करत नव्हती, हेही खरं. पब्जी होतं, 2 सप्टेंबर 2020 ला त्यावर बंदी आली. टिकटॉक त्याआधी 29 जूनला गेलं. ‘मुलं दिवसभर मोबाइलवर’ ही तक्रार घराघरांत होती, आणि त्यात तथ्यही होतं. पण त्या तक्रारीत एक मोठा भाग मोजलाच गेला नाही. घरातलं फोनचं काम करणारं माणूस म्हणजे तेच मूल होतं. 10 एप्रिल 2020 चं उदाहरण घ्या. त्या दिवशी केंद्रीय गृहमंत्रालयाने मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली आणि तोच गुड फ्रायडेचा दिवस होता. चर्चची दारं बंद, प्रार्थना यूट्यूबवर. उत्तनसारख्या गावात म्हाताऱ्या माणसांसाठी हा आठवडा वर्षातला सगळ्यात मोठा. आजीला प्रार्थना लावून देणं आणि बापाला सूट देणाऱ्या आदेशाचा नेमका अर्थ वाचून सांगणं, ही दोन्ही कामं एका फोनवर घरातल्या शिकणाऱ्या पोरानेच करायची. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्याला भिडलं तेव्हा हवामान खात्याचे इशारे, 17 मे 2021 ला तौक्ते मुंबईजवळून गेलं तेव्हा बोटींच्या बातम्या, तेही तसंच. मग लस. 18 वर्षांवरच्यांची नोंदणी 28 एप्रिल 2021 ला कोविनवर सुरू झाली, आणि सुरुवातीला ते संकेतस्थळ इंग्रजीतच होतं. मराठी जूनमध्ये आली. तोवर आळीतल्या सगळ्यांचे स्लॉट कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पकडायचे, स्लॉट उघडायची वेळ धरून. हाही पडद्याचा वेळच आहे. तो व्यसनात धरायचा की श्रमात? मी श्रमात धरेन.

कॉलेजच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट बदलली. उत्तनहून बसने भाईंदर, तिथून लोकलने बोरिवली, अंधेरी असा ज्यांचा रोजचा प्रवास, त्यांचा मोकळा फोनवेळ त्या प्रवासातच असायचा. सर्वसामान्यांसाठी लोकल मार्च 2020 पासून बंद होती, ती सगळ्यांसाठी ठरावीक वेळांत खुली झाली 1 फेब्रुवारी 2021 ला. इतके महिने गाणी, मैत्री, भांडणं, सगळं घरातल्या एका खोलीत, सगळ्यांच्या कानांसमोर. मुलींना हे जास्त जाचलं असणार, असं मला वाटतं.

आता त्या नोंदीकडे येऊ. ‘असर’ हे सर्वेक्षण ग्रामीण भारताचं. त्यात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचं प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होतं, 2020 मध्ये 61.8 आणि 2021 मध्ये 67.6. आकडा चढता, म्हणून अनेकांनी समाधान मानलं. पण 2021 च्या अहवालात त्याला लागून दुसरा आकडा आहे: घरी फोन असलेल्या मुलांपैकी 26.1 टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. विचारायचा प्रश्न हाच होता. उत्तन मात्र या सर्वेक्षणात येत नाही, कारण ते शहर. आणि शहरांच्या सरासरीत मीरा रोडच्या टॉवरमधले तीन-तीन फोन मिसळले की वलांडीजवळचं घर दिसेनासं होतं.

शाळा उघडतानाही तेच झालं. 4 ऑक्टोबर 2021 पासून राज्याने ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावी वर्ग सुरू करायला परवानगी दिली. म्हणजे आपल्या घरातलं मोठं मूल वर्गात गेलं. धाकटं सातवीतून आता आठवीत आलेलं, तेही गेलं. पण शेजारच्या घरातलं सहावीतलं पोर, ग्रामपंचायतीच्या गावात असतं तर त्याच सोमवारी बाकावर बसलं असतं, ते उत्तनला असल्यामुळे शहरी ठरलं. शहरातल्या पहिली ते सातवीसाठी राज्याने 1 डिसेंबर ही तारीख दिली, आणि काही महापालिकांनी ती आणखी पुढे ढकलली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे बोंबील वाळवण्याचे दिवस. त्या पोराचा वर्ग तेव्हाही फोनवरच भरत होता.

(पुढच्या आठवड्यात : दहावीची न झालेली परीक्षा आणि 99.95 टक्के निकाल)