टपावरची खिडकी गळते कशाने?



बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहा. जुन्या बाजारातून घेतलेल्या मोटारी तुम्हांला दिसतील. त्यांतल्या काहींच्या टपावर काचेची सरकती खिडकी असते. तिला 'सनरूफ' म्हणतात. गाडी दहा-बारा वर्षांची झाली, की ही खिडकी कुरकुरू लागते. अर्ध्यावर अडकते, वाकडी बसते किंवा पावसात गळते. मग पुष्कळ मालक सिलिकोनची नळी आणून काचेच्या चारी कडा बुजवून टाकतात. हा उपाय बरोबर आहे का? आधी खिडकीची रचना पाहू.

काचेभोवतीचे रबर सगळे पाणी अडवते, अशी आपली समजूत असते. पण काच सरकायची, तर रबर फार घट्ट बसवून चालत नाही. थोडे पाणी आत शिरणारच, हे धरूनच ही खिडकी केलेली असते. काचेखाली चौफेर एक उथळ पन्हळ असते. तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात, गाडीच्या खांबांमधून खाली उतरतात आणि बहुतेक गाड्यांत चाकांच्या आसपास बाहेर पडतात. माळवदाच्या घराचे पाणी पन्हळीने बाहेर काढतात, तीच ही युक्ती.

आता थोडे गणित करू. खिडकी ८० सेंटिमीटर लांब व ५० सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. तिचे क्षेत्रफळ झाले ४,००० चौरस सेंटिमीटर. तासाभरात ५ सेंटिमीटर पाऊस पडला, तर तिच्यावर २०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २० लिटर पाणी पडेल. त्यातले दहावा हिस्सा जरी रबराखालून गेले, तरी २ लिटर झाले! नळ्या मोकळ्या असतील तर ते निमूटपणे जमिनीवर जाते. त्या तुंबल्या असतील तर पन्हळ भरून वाहते आणि पाणी आतल्या अस्तरावर, तिथून गालिच्याखाली पोचते. तिथे विजेच्या तारा आणि त्यांचे जोड असतात. ते गंजले, की नळी साफ करण्याच्या कित्येक पट खर्च येतो.

आपला भाग पर्जन्यछायेतला. वर्षातले कितीतरी महिने पन्हळीत फक्त धूळ, कडुलिंबाची आणि चिंचेची पाने साचत राहतात. मग पाऊस येतो तो एकदम. मे २०२५ च्या अखेरीस, पावसाळा सुरू व्हायच्या आतच, बारामती-इंदापूर भागात असा पाऊस कोसळला, की नीरा डावा कालवा फुटला. अशा दिवशी नळी तुंबली आहे हे कळून काय उपयोग? परीक्षा आधीच घ्यायला हवी. खिडकी उघडून पन्हळीच्या एका कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओता. त्या बाजूच्या चाकाजवळ धार लागली, तर नळी मोकळी. पाणी पन्हळीतच उभे राहिले, तर नळी तुंबलेली.

तुंबलेल्या नळीत पंक्चरच्या दुकानातली हवा मारावी, असे पुष्कळांना वाटते. इथे दाबाचा विचार करा. टपापासून खालपर्यंत सुमारे १ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तळाशी दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम दाब देतो. नळीचे जोड एवढ्याच दाबासाठी असतात. दुकानातल्या टाकीतली हवा ७-८ किलोग्रॅम दाबाची असते, म्हणजे सत्तर-ऐंशी पट! तिने जोडच सुटला, तर तो खांबाच्या आत, न दिसणाऱ्या जागी सुटतो. मग सगळे पाणी गाडीतच उतरते. टोकदार तारही नको. ती नळीला भोक पाडते. उजनीच्या पाण्यात मासे धरणारे वापरतात तसली जाड, लवचीक नायलॉनची दोरी चांगली. ती हलक्या हाताने आत सारावी, मागेपुढे करावी आणि पाणी ओतून पाहावे.

आता अडकलेली खिडकी. तिला दोन्ही बाजूंनी दोन केबली ढकलतात आणि दोन्ही एकाच मोटरच्या दात्यांवर चालतात. एक केबल एखादा दाता जरी सरकली, तरी काचेची एक बाजू पुढे आणि दुसरी मागे राहते. टेबलाचा रुंद खण एकाच कोपऱ्याला धरून ओढून पाहा. तो तिरका होतो, कडेला घासतो आणि जितके ओढावे तितका घट्ट बसतो. खिडकीचेही तसेच. बटण पुन्हापुन्हा दाबल्याने ती मोकळी होत नाही, उलट केबलीचे दाते झिजतात. दोन्ही बाजू एकाच खुणेवर आणून केबली पुन्हा बसवणे, हाच उपाय. रुळांतले जुने ग्रीसही पुसून काढावे, कारण धूळ मिसळलेले ग्रीस काचकागदासारखे घासते. रबराला खनिज तेल लावू नये, त्याने पुष्कळ रबरे फुगतात. सिलिकोनचे तेल चालते.

काचच तडकली असेल तर? ही काच बहुधा ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. हा तोल एका जागी बिघडला, की सबंध काचेचे बारीक तुकडे होतात. म्हणून अशा काचेला भोक पाडता येत नाही, ती कापताही येत नाही. ती बदलावीच लागते.

आता सिलिकोनचा उपाय तपासा. कडा बुजवल्या, तरी नळ्या तुंबलेल्याच राहिल्या. ऊन आणि हादऱ्यांनी सिलिकोनला फट पडली, की पाणी आत येणार आणि त्याला वाट नसणार. गळती काचेपाशी दिसते, दोष मात्र नळीत असतो.

घरच्या किंवा शेजारच्या गाडीला अशी खिडकी असेल, तर मोठ्या माणसांना बरोबर घ्या. खिडकी उघडून झाली, की किल्ली काढून ठेवायला सांगा. मग डाव्या आणि उजव्या नळीतून पेलाभर पाणी जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा. दोन्ही वेळा सारख्या आल्या नाहीत, तर काय समजायचे, ते आता तुम्हीच सांगा!