हडबीची शेंडी

नांदेडहून मनमाडास जाणारी आगगाडी नगरसोल सोडते तोंच अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले दिसूं लागतात, व त्यांच्या शेजारच्या डोंगरमाथ्यावर आंगठा उभारल्यासारखा एक सुळका नजरेंत भरतो. हीच हडबीची शेंडी होय. नांदेड-लातुराकडील मुलांस असा खडक पाहावयास मिळत नाहीं. म्हणून गेल्या हिवाळ्यांत एका दिवसाच्या सहलीसाठीं आम्हीं हें स्थळ निवडलें.

सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतील तप्त रस थरावर थर पसरला व थिजून त्याचा काळा पाषाण झाला. आपल्या शेतांतील काळी मातीही त्याचीच झीज होय. थिजतांना आकसून खडकास उभ्या भेगा पडतात. त्यांत पाणी मुरून कडे ढासळतात, आणि टणक भाग तेवढा उभा राहतो. देगलूर-बिलोलीच्या बाजूस हे थर संपून फार जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. तेथील गोल धोंडे या सुळक्याचे कोणी लागत नाहींत.

आम्ही पायथ्याशींच थांबलों. शेवटचा उभा कडा अनुभवी गिर्यारोहकांनीं चढून दाखविला. चढणारा दोरानें वर ओढला जातो, असा पुष्कळ पालकांचा समज दिसला. तसें नाहीं. आघाडीचा गडी आपल्याच हातापायांनीं चढतो. दोराचें टोक त्याच्या कमरेस असतें, व खालचा जोडीदार लागेल तसा दोर सोडीत राहतो. वाटेंत तो खडकांत मेख ठोकून तींत कडी अडकवितो व कडींतून दोर नेतो. शेवटच्या मेखेवर सहा फूट गेल्यावर पाय निसटला, तर तो सहा नव्हे, निदान बारा फूट खालीं येतो. (मुलांनीं आकृति काढून पाहावी.) म्हणून मेखा जवळजवळ हव्यात, आणि दोर किंचित् ताणणारा नायलॉनचा हवा, न ताणणाऱ्या दोराचा हिसका जिवावर बेतेल. मागून येणाऱ्यांस दोर वरून मिळतो, त्यांचें भय पुष्कळ कमी.

उतरण्याची गोष्ट निराळी. चढतांना घसरलें तरच दोरावर भार येतो. उतरतांना देहाचा सारा भार क्षणोक्षणीं माथ्यावरील मेखांवर असतो. म्हणून तेथें एक उपटली तरी दुसरीनें धरावें, अशा दोन मेखा लागतात. दोराच्या खालच्या टोकासही गांठ हवी, नाहीं तर उतरणारा टोकावरून निसटेल.

त्या दिवशीं माथ्यावरील एक जुनी मेख हलतांना आढळली. त्या मंडळींनीं ती सोडून नवी ठोकली. हातोडीचा आवाज पाऊण तास खालीं येत होता. "गाडी चुकेल," असें मुलें म्हणूं लागलीं. ती चुकलीच. रात्रीच्या गाडीनें आम्ही परतलों, आणि स्थानकावर ताटकळलेल्या पालकांनीं उशिराचें कारण विचारतांच मुलांनींच त्यांस मेखेची हकिगत सांगितली.